तीस माणसांचा नियम

शुक्रवारी दुपारी फिलिपाचा मेल आला. फिलिपा कौन्सिलमध्ये बसते आणि आमच्यासारख्या चार-पाच दहनगृहांचा कारभार बघते. सोमवारपासून, म्हणजे एकोणीस जुलैपासून, अंत्यविधीला किती माणसं यावीत यावर कायद्याचं बंधन राहणार नाही, असं तिने लिहिलं होतं. अंतराच्या खुणा काढून टाका. मास्कची सक्ती करू नका. कुणी विचारलंच तर 'आपापल्या तारतम्याने वागावं' एवढंच सांगा, त्यापलीकडे सल्ला देऊ नका. शेवटी तिने हसरा चेहरा टाकला होता.

मी आणि रसेल अंत्यविधी होतात त्या चॅपलमध्ये गेलो आणि जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्या काढायला बसलो. रसेल मागच्या बाजूला भट्टीचं काम बघतो. सोळा महिने तुडवल्या जाऊन त्या पट्ट्या फरशीला अशा चिकटल्या होत्या की नखाने निघेनात. मग त्याने रंग खरवडायची सुरी आणली.

"तारतम्य," तो गुडघ्यांवर बसून खरवडता खरवडता म्हणाला. "आमच्या शेजाऱ्याला भेट एकदा. गेल्या वर्षी मार्चमध्ये त्याने टॉयलेट पेपरचे बत्तीस गठ्ठे आणले. एकटा राहतो गं तो."

"संपले?"

"अजून आहेत. गॅरेजमध्ये गाडी मावत नाही त्याची."

मी हसले असेन. आठवत नाही.

माझं नाव ग्लेंडा. लँकशायरमधल्या आमच्या गावाबाहेरच्या दहनगृहात चॅपलची व्यवस्था माझ्याकडे आहे. लोकांना आत घ्यायचं, शवपेटी येताना दार धरायचं, सांगितलेलं गाणं वेळेवर लावायचं, चाळीस मिनिटं झाली की पुढच्यांसाठी जागा मोकळी करायची. एकोणीस वर्षं हेच करतेय. गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून कोविडमुळे त्यात मोजायचं काम वाढलं. आमच्या कौन्सिलने आधी दहा माणसं ठरवली, मग वीस, मग तीस. दोन मीटर सोडून खुर्च्या मांडल्या तर आमच्याकडे तीसच मावत, म्हणून ते तीसवरच राहिलं. मी दारात कागद घेऊन उभी राहायची आणि नावं वाचायची. यादीत नसलेल्याला परत पाठवायची.

सुरुवातीचे काही आठवडे मी घरी जाऊन रडायची. मग ते थांबलं. कधी थांबलं ते सांगता येणार नाही, कारण थांबलंय हेच मला उशिरा कळलं. यंदाच्या मे महिन्यात माणसांना मिठी मारायची परवानगी मिळाली तेव्हा माझी धाकटी बहीण मार्गो सकाळी नऊलाच दारात हजर झाली. तिने मला घट्ट धरलं, खूप वेळ सोडलं नाही. मी तिच्या खांद्यावरून समोरच्या घराच्या पन्हाळीकडे बघत होते. एक जोड निखळला होता. "काय गं, बरी आहेस ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, बरी आहे. बरीच होते मी. दुखत नव्हतं कुठेच.

सोमवारी सकाळी फोन आला.

"आयव्ही कॅटरॉल," पलीकडची बाई म्हणाली. "गुरुवारी साडेअकरा. मी त्यांची मुलगी, मॅरियन. बारक्लॉ म्हणाले, माणसं किती आणायची ते तुम्हालाच विचारा." बारक्लॉ म्हणजे आमच्या गावात अंत्यविधीची सगळी व्यवस्था करणारे गृहस्थ.

"आता मर्यादा नाही," मी म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"एकशे दहा खुर्च्या आहेत. तेवढी बसू शकतात."

"आणि मास्क?"

"ज्याला लावायचा त्याने लावावा. गर्दीत लावलेला बरा, असं सांगितलंय."

"बरा. आणि अंतर?"

"ज्याच्या त्याच्या तारतम्याने."

"तुम्ही त्याच ना?" मग तिने विचारलं. "आमच्या बाबांच्या वेळी दारात कागद घेऊन उभ्या होता, त्या."

"हो. मीच."

तोपर्यंत मलाही आठवलं होतं. क्लिफर्ड कॅटरॉल, गेल्या वर्षीचा एप्रिल. दहाची परवानगी होती आणि अकरा जण आले. अकरावे क्लिफर्डचे थोरले भाऊ, वॉल्टर. दोन बस बदलून आले होते, हातात टोपी. घरच्यांपैकी कुणी बाहेर राहायचं यावर दारातच कुजबुज सुरू झाली, तेव्हा ते आपणहून म्हणाले, मी थांबतो, तुम्ही जा. बागेतल्या बाकावर बसले. दार बंद ठेवायचा नियम होता, त्यामुळे त्यांना आतलं काही ऐकू गेलं नसणार. नोव्हेंबरमध्ये तेही गेले. त्यांच्या वेळी यादीत सोळाच नावं होती.

"तेव्हा वॉल्टरकाकांनी बाकाच्या कुठल्या टोकाला बसायचं तेसुद्धा तुम्हाला ठाऊक होतं," मॅरियन म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आणि आता काहीच ठाऊक नाही."

"नाही," मी म्हणाले. "तसा नियमच नाही आता."

"आईने तेहेतीस वर्षं शाळेच्या जेवणघरात काढली. निम्मं गाव तिच्या हातचं खाऊन वाढलंय. सगळे येतो म्हणतायत."

"येऊ देत की."

"हं," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ आला. उन्हाचा कडाका होता. त्या आठवड्यात आमच्याकडे कधी नव्हे एवढं तापलं होतं. तो ऑफिसात आला नाही. दारासमोर चार पावलांवर, डोक्यावर ऊन घेत उभा राहिला. तोंडावर जाड पांढरा मास्क. पन्नाशीचा, सडपातळ माणूस.

"मी ग्रॅहम कॅटरॉल," तो म्हणाला. "आत येत नाही, राग मानू नका. माझी किडनी दुसऱ्याची आहे. ती टिकावी म्हणून ज्या गोळ्या घेतो त्यांच्यामुळे लस अंगी लागत नाही. दोन्ही डोस झाले. डॉक्टर म्हणाले, घेतलीच नाही असं समजून वागा."

मी बाहेर आले.

"मॅरियनला सांगा, तीसच माणसं," तो म्हणाला.

"मला तसं सांगता येत नाही. तुम्ही तिच्याशी बोला ना."

"बोललो. ती म्हणते, दीड वर्ष सगळ्यांनी सोसलं, आता ज्याला भीती वाटते त्याने जपून राहावं, हेच तारतम्य. मी म्हणतो, बंद खोलीत शंभर माणसं गाणी म्हणणार, तिथे मी आईला निरोप द्यायला कसा येऊ? मला वाटतं, हे तारतम्य." त्याने मास्क नाकावर दाबून बसवला. "ती वाईट नाहीये हो. आईचं सगळं तिनेच केलं. आई वृद्धाश्रमात होती, तेव्हा हिवाळ्यातले चार महिने तर खिडकीच्या काचेतून बोलायची तिच्याशी."

मी माझ्यामागचं दार ओढून घेतलं.

"गेल्या वर्षी तुम्ही दहा म्हणालात, तेव्हा घरी जाऊन आम्ही तुम्हाला शिव्या घातल्या," तो म्हणाला. "पण एकमेकांना नाही घातल्या. आता बघा. कालपासून तिने माझा फोन उचललेला नाही."

"मला नाही सांगता येणार, मिस्टर कॅटरॉल."

तो मान हलवून निघून गेला. त्याच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती. मला त्याची कीव यायला हवी होती, हे मला कळत होतं. अमुक वेळी अमुक वाटायला हवं हे मला अजूनही ठाऊक होतं.

संध्याकाळी पाचला, मी निघायच्या तयारीत असताना मॅरियनचा फोन आला.

"ग्रॅहमने मेसेज केलाय, तीसचीच मर्यादा आहे म्हणून. तुम्ही त्याला आज सांगितलंत म्हणे. काल तर मला एकशे दहा म्हणालात."

एक शब्द बोलायचा होता. नाही म्हटलं असतं तर तो खोटा पडला असता. हो म्हटलं असतं तर मी. मी विचार केला असं म्हणता येणार नाही. सोळा महिने जो शब्द तोंडात बसला होता तोच बाहेर आला.

"हो," मी म्हणाले. "तीस. आमच्या चॅपलपुरतं. आजच ठरलं."

"पक्कं?"

"पक्कं."

तिने एवढा लांब श्वास सोडला की तो मला फोनमधून ऐकू आला. मला वाटलं, आता ही भांडणार. पण तिचा आवाज मऊ झाला होता.

"बरं. मग तीस," ती म्हणाली. "खरं सांगू? मलाही कळत नव्हतं कुणाला हो म्हणायचं आणि कुणाला नाही. सगळे मलाच विचारत होते, मास्क लावायचा का, मुलांना आणायचं का, खोकला आहे पण टेस्ट निगेटिव्ह आली, चालेल का. नियमच आहे म्हटलं की बरं पडतं. मी करते फोन सगळ्यांना."

तिने माझे आभार मानले.

गुरुवारी साडेदहाला दुसरा अंत्यविधी होता. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, ट्रक चालवायचा, गावच्या फुटबॉल क्लबात गोलरक्षक होता. मर्यादा नसल्याने येतील तेवढे सगळे येणार होते. दोन दिवसांपूर्वी मीच ते डायरीत लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात. तरी त्या नोंदीचा आणि तीसचा काही संबंध आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. रोजचं काम होतं, हातच करत होते.

एकशे दहा खुर्च्या भरल्या, वर वीस-पंचवीस जण भिंतीला टेकून उभे राहिले. दहा-बारा जणांच्या तोंडावर मास्क असेल. सगळे मोठ्याने गायले, रडले, एकमेकांच्या गळ्यात पडले. दीड वर्षात मी असा अंत्यविधी बघितला नव्हता. मी दाराशी उभी राहून घड्याळाकडे बघत होते. ते दहा मिनिटं लांबले. बाजूच्या दाराने बागेत उतरायला लागले तेव्हा कॅटरॉलांच्या गाड्या येऊन उभ्या होत्या आणि मंडळी खाली उतरलेली होती.

मॅरियन रस्त्याच्या कडेला उभी होती, साठीची, ठेंगणी, काळा ड्रेस, हातात घडी केलेली यादी. बाहेर पडणारी माणसं तिच्यासमोरून जात होती. संपतच नव्हती. ती बघत राहिली. मग माझ्याकडे आली.

"किती होती ही?"

"एकशे दहाच्या वर."

"आणि आम्ही तीस."

"हो."

ग्रॅहम तिच्या मागे होता, थोडा लांब. "मॅरियन," तो म्हणाला.

"नियम नाही कुठला," मी म्हणाले. "मीच सांगितलं तसं."

"मी सांगायला लावलं," ग्रॅहम म्हणाला.

मॅरियनने दोघांपैकी कुणाकडे पाहिलं नाही. हातातल्या यादीची आणखी एक घडी घातली. "मी ऐंशी जणांना फोन केले," ती म्हणाली. "दोन दिवस तेच केलं. डोरीनला सांगितलं येऊ नकोस. बावीस वर्षं आईशेजारी उभी राहून तिने बटाटे सोललेत. ती म्हणाली, काही हरकत नाही बाळा, नियम म्हणजे नियम."

ग्रॅहम एक पाऊल पुढे आला आणि परत मागे सरला.

बारक्लॉ हळूच पुढे आले. उन्हात त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मॅरियन, आईला फार वेळ बाहेर ठेवायला नको," ते म्हणाले. ती चालायला लागली. मग ते माझ्या जवळ येऊन पुटपुटले, "फाटकापाशी चार जणी उभ्या आहेत. गाडी जाताना बघायला म्हणून आल्यात. मी काही बोललो नाही."

पेटी आत नेईपर्यंत दोन-तीन मिनिटं होती. मी फाटकापर्यंत चालत गेले. चार म्हाताऱ्या झाडाखाली ओळीने उभ्या होत्या, हॅट घालून, एकीच्या हातात कागदाचा पंखा. सगळ्यात उंच होती ती डोरीन असणार.

"आम्ही आत येत नाहीये हो," मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली. "तीसच आहेत, माहितेय आम्हाला. इथूनच निघतो."

"चला आत," मी म्हणाले.

त्यांनी एकमेकींकडे बघितलं. "जास्त झालो तर तुम्हाला बोलणी बसतील," पंखावाली म्हणाली.

"नाही बसत. चला."

"मास्क आहे माझ्याकडे," डोरीन म्हणाली. तिने पर्समधून चार काढले आणि सगळ्यांना वाटले. मग त्या माझ्या मागून आल्या. चढ होता, त्यामुळे सावकाश यावं लागलं. वर पोचेपर्यंत पेटी आत गेली होती.

मी त्यांना मधल्या रांगेत बसवलं. खुर्च्या आता चिकटून होत्या, तरी आलेले लोक जुन्या सवयीने दोन-दोन सोडून बसले होते. ग्रॅहम शेवटच्या रांगेत दाराशी होता. चौघी आत शिरल्या तेव्हा त्याची नजर एकेका डोक्यावरून फिरताना मी पाहिली. तो मोजत होता. गाणं सुरू झालं तसा तो उठला, खुर्ची उचलून उंबऱ्याबाहेर पायरीवर नेली आणि तिथे बसला. मी दाराला लाकडी पाचर लावून ते पूर्ण उघडं ठेवलं. उन्हं थेट त्याच्या अंगावर होती. काळ्या कोटात तो शेवटपर्यंत तिथेच बसला. मॅरियन पहिल्या रांगेत होती. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

बाकीच्यांचं गाणं बारीक येत होतं. डोरीनचा आवाज मात्र मोठा होता. जेवणघरात मुलांना हाका मारून मारून तसा झाला असेल.

शेवटी मॅरियन पेटीपाशी गेली आणि तिने झाकणावर तळहात ठेवला. वर्षभर मी लोकांना पेटीला हात लावू दिला नव्हता. ती खूप वेळ तशीच उभी राहिली. पुढच्या अंत्यविधीची मंडळी बाहेर येऊन थांबली होती. मी तिला घाई केली नाही. वेळ गेली तर गेली.

बाहेर पडताना ती माझ्यापाशी थांबली.

"डोरीनला तुम्ही आत आणलंत."

"हो."

"बाकीच्या शहात्तर जणांना आता मी काय सांगू?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

तिने यादी पर्समध्ये टाकली. मग गाडीकडे गेली. ग्रॅहमची गाडी त्याआधीच फाटकातून बाहेर पडली होती. नंतर गावातल्या हॉलमध्ये सगळ्यांसाठी चहा आणि सँडविच होती. तिथे तो गेला नाही, असं बारक्लॉंकडून मला नंतर कळलं.

शुक्रवारी फिलिपाचा फोन आला. कुणी कळवलं ते तिने सांगितलं नाही. मॅरियनने नव्हतं कळवलं, एवढं नंतर समजलं.

"तू एका कुटुंबाला तीस सांगितलंस?"

"सांगितलं."

"कशाच्या आधारावर, ग्लेंडा?"

"तारतम्याने."

मी टोमणा मारला असं तिला वाटलं असावं. "तारतम्य त्यांनी वापरायचं," ती म्हणाली. "आपण नाही. आपण फक्त दार उघडायचं." ते तिने माझ्या फायलीत लिहून ठेवलं. मी सही केली. रसेल म्हणाला, "एकोणीस वर्षांत पहिली नोंद ना? केक आणू का?" दुसऱ्या दिवशी त्याने खरंच आणला. लिंबाचा होता. आम्ही मागच्या पायरीवर बसून खाल्ला.

ऑगस्टभर लोक फोन करून विचारत राहिले. मास्क लावायचा का, आजी नव्वदची आहे तिला कुठे बसवू, पाहुणे स्पेनहून आलेत चालेल का, पेटी आम्हीच खांद्यावर घेऊ का. मी ठरलेलं वाक्य सांगायची. काही लोक भडकायचे, काही 'बरं' म्हणायचे. बरेच जण पुन्हा विचारायचे, "पण तुम्ही काय केलं असतं?" मी ठरलेलं वाक्य परत सांगायची.

सप्टेंबरच्या शेवटी मॅरियनने आईच्या अस्थींसाठी दिवस मागितला. आमच्या बागेत गुलाबांच्या ओळी आहेत, तिथे लोक अस्थी विसर्जित करतात. क्लिफर्डच्या तिथेच होत्या. ती आली, आणि दहा मिनिटांनी दुसऱ्या गाडीने ग्रॅहम आला. दोन महिने ती दोघं बोलत नव्हती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. कुणी आधी फोन केला ते मला ठाऊक नाही. ग्रॅहमला तिसरी लस मिळणार होती, त्याबद्दल ती दोघं काहीतरी बोलली.

वारा होता. मॅरियन ओळीच्या या टोकाला थांबली.

"इथे उभी राहू का?" तिने विचारलं.

"थोडी मागे."

ती दोन पावलं मागे गेली. "आता?"

"आता ठीक."

ग्रॅहमने वाऱ्याची दिशा बघितली आणि जागा बदलली. तिने अर्ध्या अस्थी झाडांच्या मुळाशी ओतल्या, डबा गवतावर ठेवला आणि लांब झाली. मग तो पुढे आला, डबा उचलला आणि उरलेल्या त्याने ओतल्या. कुणी काही वाचलं नाही. सगळं मिळून पाच-सात मिनिटं लागली असतील. मी मागे नळापाशी उभी होते, कारण कौन्सिलचं कुणीतरी हजर असावं लागतं.

"तुम्ही या की इकडे," मॅरियन म्हणाली.

मी गेले. तिघं उभे राहिलो. गवत ओलं होतं आणि माझ्या बुटात पाणी शिरत होतं. ग्रॅहमने मास्क काढून खिशात ठेवला. त्याचा पूर्ण चेहरा मी पहिल्यांदाच बघितला. बहिणीसारखीच हनुवटी होती.

निघताना मॅरियनने गाडीची काच खाली केली.

"तुमचं कुणी गेलं का हो या साथीत?" तिने विचारलं. "मी तुम्हाला कधी विचारलंच नाही."

"नाही," मी म्हणाले. "माझं कुणीच नाही गेलं."

"मग बरंय," ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले.

तिने काच वर केली. आधी तिची गाडी गेली, मग त्याची. मी आत जाऊन बूट काढले आणि मोजे वाळत घातले.